पहिला मासा गिऱ्हाइकानं ओतायचा

न्हाई, न्हाई, तुमी बोलू नका मालक, घशाला तरास कशाला — दत्तराव सांगून गेलेत मला, मालकाचा घसा बसलाय, आवाजच फुटत न्हाई म्हणून. बसा. त्या खोक्यावर बसा, जिनिंगमधलं हाय, मोडत न्हाई. बसलात का? हां, बसलात, खोकं कुरकुरलं. मला समदं आवाजावर कळतंय बगा, डोळ्याचं दुकान बंद झाल्यापासून कानाचं लय जोरात चालायलंय. दत्तराव कुठं गेले, चहाला? जाऊ द्या. स्टेशनावर बसले की हैदराबादची गाडी बघितल्याबिगर उठायचे न्हाईत ते. तुमचं काम त्यांच्यावाचून अडायचं न्हाई, तुमीच लागता, म्हणून तर बोलावलं. — आन् मालक, ते लेथावर ठक ठक नका करू. अंगठी हाय न्हवं बोटात? लोखंडावर अंगठी वाजली की माझ्या दातात कळ उठते. सवय असंल तुमची. असू द्या. सवय काय, मेल्यावरच सुटते माणसाची.

दारात कोण बसलेत म्हणून बघायलात का? भोई हायेत येलदरीचे. सटवाजी आन् त्याचे दोघं भाऊ. जाळ्याचं शिसं न्यायला आलेत, गप बसणारी माणसं हायेत, त्यांच्याकडं ध्यान देऊ नका. आन् चाकापाशी उभी हाय ती माझी मालकीण, मालन. लेथ ती चालवती, मी बोटानं बघतो. लोक हसायचे पहिल्यांदा — आंधळा साचा करायलाय, बायको लेथ चालवायलीय, झाला कारखाना! आता हसत न्हाईत. आता येलदरीच्या धरणात जेवढी जाळी पडतात न्हवं, त्यातली निम्मी माझ्या शिशानं बुडतात. पहिलं शील घेतलेला माणूस आन् मासे धरायची हत्यारं करतो, म्हणून आमच्या विहारातले म्हातारे टोचतात मला. मी म्हणतो, बाबांनो, मी मासा मारत न्हाई, मी नुसतं वजन देतो. वजन पडायचं तिथं आपोआप पडतंय.

हा बगा तुमचा साचा. फडक्यात हाय तो. उघडू नका! वरनं चाचपा पाहिजे तर, पण क्लॅम्प सोडू नका, आत काजळी धरून कसलाय मी. काजळी मोडली की शिसं साच्याच्या भिंतीला चिकटतं आन् मासा निघतो खरजेल्या कुत्र्यावानी. ट्रकच्या इंजिनातलं ॲल्युमिनियम हाय ते, भंगारातनं आणलेलं. दोन पाटे आधी एकमेकांवर असे घासले, असे घासले की मधून केस जाणार न्हाई. मग पिना मारल्या — साच्याचा जीव पिनांत असतो मालक, पिन ढिली झाली की अर्धा मासा इकडं अन् अर्धा तिकडं सरकतो. मग जोडी लेथाच्या चकात धरली, मालननं फिरवली, आन् मधोमध पोट कोरलं. जरा कोरायचं, लेथ थांबवायचा, बोट घालायचं. परत कोरायचं. डोकं नि पोट लेथावर होतं, पण शेपटी लेथाला जमत न्हाई, ती छिन्नीनं काढली, कानशीनं वळवली. गळ बसायला चीर केली, हवा जायला बारीक वाट केली. वरनं ओतायचं तोंड. तुमच्या त्या मोठ्या साहेबाला असाच पाहिजे म्हणं न्हवं? शिशाचा मासा, तोंडात गळ, बुडाला कोंबडीचं पीस — मरळ झडप घालते म्हणं त्याच्यावर. त्या साहेबाची सही पाहिजे तुमाला, आन् साहेबाला पाहिजे मासा. दत्तराव बोलले. लय बोलतात हो दत्तराव. मालकाच्या घशाची समदी कसर तेच भरून काढतात.

तर मी दत्तरावला म्हणलं, साचा तयार हाय, पण आमची एक रीत हाय. पहिला मासा गिऱ्हाइकानं ओतायचा. जो नेणार त्यानं. नोकर चालत न्हाई, दत्तराव चालत न्हाई. इथंच, माझ्या भट्टीवर, माझ्यासमोर. दत्तराव म्हणले, आमचे मालक मोठे माणूस, ते कुठं तुझ्या खोपटात येतेत? मी म्हणलं, मोठी माणसं खोपटातच येतात, अडल्यावर. आन् आलात का न्हाई?

शिसं वितळू द्या जरा. अजून खडे हायेत, पळी फिरवली की कळतं. तवर बोलू. तुमाला बोलता येत न्हाई, मला गप बसता येत न्हाई, चांगली जोडी जमली.

तुमाला तात्याराव ठाऊक हायेत का हो? जिंतूरचे. वर्कशॉपवाले. — मान हलवली का? हो म्हणून का न्हाई म्हणून? मला काय दिसतंय! न्हाई ठाऊक असंच धरतो. बरं हाय, ठाऊक नसल्यालं. मी होतो त्यांच्याकडं कामाला. टर्नर. ट्रका यायच्या, इंजिनं यायची, धरणाचं काम जोरात होतं तवा, रात म्हणत न्हवतो का दिस म्हणत न्हवतो. हात असा बसला होता माझा मालक — तात्याराव पावण्यांना दावायचे मला, जसं कुणी बैल दावतंय. "हा आमचा सिताराम. सोनं करतो लोखंडाचं." लोखंडाचं सोनं व्हायचं, आन् जायचं तात्यारावच्या बोटात. पण जाऊ द्या ते, ते समद्याच वर्कशॉपात तसंच. त्याचा राग न्हाई माझा. राग कशाचा हाय ते ऐका.

तात्यारावला हौस मासे धरायची. जाळ्यानं न्हाई, गळाच्या काडीनं, साहेबासारखं. ऐतवारी जीप काढायची, दोन-चार बडे पावणे घ्यायचे आन् येलदरीला जायचं. एकदा कुण्या पावण्यानं त्यांना शिशाचा मासा दावला. झालं! सिताराम, असा साचा कर. केला मी. पहिलाच साचा माझा. तुमी आता मांडीवर घेतलाय न्हवं, त्याचा थोरला भाऊ म्हणा. ऐतवारी सकाळी पावणे जीपमध्ये बसलेले, हारन वाजवायलेत, आन् तात्याराव वर्कशॉपात माझ्या मागं उभे — आटप सिताराम, दोन-चार आणखी होऊ दे, आटप — आन् अंगठीनं लेथावर ठक ठक, ठक ठक. मी भट्टीकडं तोंड करून शिशावरची मळी काढत होतो. वळलो, पळी घेतली, ओतलं.

आन् एवढंच बघितलं मी. पुढं कायबी बघितलं न्हाई, आजवर.

कसं झालं? लोकांना ठाऊक हाय की कसं झालं. इचारा जिंतूरात कुणालाबी. सिताराम पिऊन होता. हात हलला, पळी कलंडली, शिसं तोंडावर आलं. पिणाऱ्याचं आणखी काय व्हायचं? असं तात्यारावनी परभणीच्या दवाखान्यात डाक्टरला सांगितलं, डाक्टरनी लिहिलं, समद्यांनी ऐकलं. तात्याराव बोलले म्हंजी खरंच. वर्कशॉपातली खोली गेली, काम गेलं. पिणाऱ्याला कोण ठेवतंय? मालन दवाखान्यात पदर तोंडाला लावून बसलेली असायची. हिनं एकदाबी इचारलं न्हाई मला, पिला होता का म्हणून. नुसतं न इचारल्याचंबी ओझं असतं बगा.

ठक ठक थांबली की. बरं वाटलं.

आता तुमाला एक सांगतो, जे भोयांनाबी सांगितलं न्हाई. मी आडवा पडलो होतो न्हवं, जीपमध्ये, बोंबलत — तवा माझ्या छातीवर काहीतरी गार ओतलं कुणीतरी. मला वाटलं दवा हाय. दया आली म्हणलं तात्यारावला. सदरा भिजून अंगाला चिकटला. मग वास आला. जीपमधली बाटली होती ती मालक, पावण्यांसाठी नेलेली. पुरी ओतली माझ्या अंगावर. तोंडावर न्हाई, जखमेवर न्हाई — सदऱ्यावर. कशाला ओतली असंल? तुमी शहाणे माणूस, तुमीच सांगा. न्हाई, तुमचा घसा. मीच सांगतो. वास यावा म्हणून.

आन् वास आला. माझ्या बापाला आला.

माझा बाप चारठाण्याचा. छप्पन साल झालं, आन् आमच्या वस्तीत दीक्षेचा कार्यक्रम झाला, तवा पांढरं धोतर नेसून माझा बाप पहिल्या रांगेत उभा होता. लय प्यायचा हो तो, त्याच्या आधी. खरं ते सांगावं. पिऊन आईला मारायचा. त्या दिशी पाच शीलं घेतली, घरी आला, शिंदीचं मडकं उचललं आन् उंबऱ्यावर आपटलं. खापऱ्या आईनं वेचल्या. एक ठेवून दिली, देवळीत. देव काढले होते, त्या जागी खापरी. मला जवळ घेतलं बापानं, तोंडाचा वास घ्यायला लावला — बग, येतोय का? आता कधी येणार न्हाई. तुझ्याबी तोंडाला येऊ द्यायचा न्हाई. मी शब्द दिला. तसला बाप दवाखान्यात आला. खाटेपाशी उभा ऱ्हायला. मी ओळखला त्याला, काठीच्या आवाजावरनं. म्हणलं, बाबा. तो वाकला, माझ्या सदऱ्याचा वास घेतला — नाकानं ओढलेला आवाज आला मला — आन् काठी टेकत गेला निघून. मालननं पाय धरले त्याचे, व्हरांड्यात. म्हणला, समदी दुनिया खोटं बोलंल, माझं नाक खोटं बोलंल का पोरी? ह्या वासात मी अर्धा जन्म काढलाय.

परत आला न्हाई. मी चारठाण्याला गेलो तर उठून दुसरीकडं जायचा. मेला तवा माणसं गोळा झाली, मला हात लावू दिला, पण मागं कुणीतरी म्हणलंच, दारू पिऊन पाचवं शील मोडणारा खांदा द्यायलाय. डोळे गेले त्याचं मला एवढं न्हाई मालक. डोळे काय, मालनला हायेत, घरात एक जोडी पुरते. पण रोज सकाळी वंदनेला उभा ऱ्हायलो की पहिल्या चार शिलांना माझा आवाज चांगला खणखणीत असतो, पाचव्याला आला की लोक कान टवकारतात. मला ऐकू येतंय त्यांचं कान टवकारणं.

काय काय इचार केले म्हणता, तात्यारावचे! पहिल्या साली तर एकच. शिसंच ओतायचं त्याच्याबी डोळ्यात. चार पोरं धरून आणतील त्याला, मी पळी घेईन. रात्री झोपेत ओतायचो मी, हातावर भार जाणवायचा पळीचा. मग सकाळी पहिलं शील आडवं यायचं. जीव घेणार न्हाई, इजा करणार न्हाई. लय वंगाळ ठिकाणी ठेवलंय हो ते शील, समद्यात पहिलं! शेवटाला असतं तर तवर काम उरकून घेतलं असतं. मग म्हणलं थांबू. तात्यारावला हौस हाय. हौस कधीतरी परत शिशाच्या माशापाशी येणार. आन् शिशाच्या माशाचा साचा साऱ्या जिल्ह्यात माझ्याबिगर कोण करतंय? म्हणून हे काम धरलं बगा मी. लोकांना वाटलं पोटासाठी.

हां. वितळलं. आता कसं लोण्यावानी फिरायलंय. काढा साचा फडक्यातनं. त्या विटेवर उभा करा, तोंड वर. केला? मी चिमटा तेवढा गार करतो बादलीत —

दचकलात काहून? छस्स झालं म्हणून? चिमटा हाय हो, तापला होता. दचकू नका. घ्या पळी. लाकडी मूठ हाय, भाजत न्हाई. भरा. भरून घ्या, अर्धवट नको, मासा एका दमात ओतावा लागतो, थांबला की वळी पडते. उचला. आता साच्यावर आणा. तोंड जवळ न्या जरा तुमचं, तोंड जवळ नेल्याबिगर भोक दिसत न्हाई, बारीक हाय. मीबी असाच वाकायचो.

ओता की.

पळी साच्याला वाजायलीय मालक. टक टक टक. हात कापायलाय का? तुमी तर पिऊन न्हाईत. का कापायलाय मग?

न्यायचा असंल तर ओता, न्हाईतर ठेवा पळी, आन् सांगा साहेबाला मासा मिळाला न्हाई. सटवाजी काय अडवत न्हाई तुमाला. दार उघडंच हाय.

काय?

काय म्हणलात? मोठ्यानं म्हणा. फुटला की आवाज! काय म्हणलात — "आतून ओला तर नाही ना?"

सटवाजी, ऐकलं? तुमी दोघं? मालन, तू ऐकलं का? लेथ सोड तो, इकडं ये. काय म्हणलं ह्यांनी, तू सांग. ओला तर नाही ना. हां. आन् आवाज कुणाचा हाय? सटवाजी, तू तर वर्कशॉपात जाळ्याच्या कड्या करायला यायचास, कुणाचा आवाज हाय हा? नाव घे. घे की. — तात्यारावचाच म्हणतोस.

या तात्याराव. बसा. आता घसा मोकळा झाला तुमचा.

एवढा येळ बोललो मी. वल म्हणलं का एकदातरी? पाण्याचं नाव काढलं का? पिऊन होता म्हणलं, हात हलला म्हणलं, पळी कलंडली म्हणलं — तुमीच जगाला सांगितलं तेच. मग हात हलून ज्याचे डोळे गेले, त्याच्या भट्टीवर तुमाला ओल्या साच्याचं भ्याव कुठनं आलं? मी सांगतो कुठनं. त्या ऐतवारी लागोपाठ ओतून साचा तापला होता, शिसं लवकर धरत न्हवतं, पावणे हारन वाजवायलेते. मी पाठमोरा होतो. मागं छस्स झालं. मला वाटलं कुणी चिमटा इझवला. तुमी साचाच बुडवला होता बादलीत. वरनं रुमालानं पुसला आन् मांडला परत माझ्यासमोर. वरनं पुसला, तात्याराव! आत रुमाल जातोय का? आतल्या पाण्यावर शिसं पडलं, वाफ झाली, आन् समदं शिसं उलटं माझ्या तोंडावर. एवढी वर्षं माझ्याजवळ नुसतं एक छस्स होतं. छस्स घेऊन कुणाकडं जायचं? कोण मानतंय? आज तुमच्या तोंडातनं आलं, चार माणसांदेखत.

रडू नको मालन. इचारलं न्हाईस तेच लय केलंस तू.

आन् ते रीत-बीत काय नसतंय, तात्याराव. पहिला मासा मीच ओततो नेहमी. तुमच्यासाठी काढली रीत, दत्तराव आले त्या दिशी. खोटं बोललो, चौथं शील मोडलं माझं. पाचवं मोडलं न्हाई.

न्या साचा. काही देऊ नका, असाच न्या. साहेबाला मासे करून घाला. कोरडा हाय तो. म्हंजी — खरं सांगू? काल सोडला होता थेंब आत. चमच्यानं. क्लॅम्पबी कसला होता. मग बसलो तसाच, लय येळ. मग उघडला, पुसला, भट्टीवर तापवला, नव्यानं काजळी धरली. मालनला ठाऊक न्हाई हे. मालन, आता झालं ठाऊक, बघू नको तशी. पुसलाय मी. आंधळ्यानं पुसलाय, तवा कुठं कोपऱ्यात काय ऱ्हायलं असंल ते मला दिसत न्हाई. तुमी प्रत्येक येळी तोंड जवळ न्याल न्हवं, तवा इचारत जा साच्याला — ओला तर नाही ना? उद्यापासनं येलदरीच्या काठावर भोयांची पोरंबी इचारतील तुमाला, जीप दिसली की. सटवाजी, इचारतील का न्हाई? बगा, हसायलाय. बाजारात इचारतील. तुमच्या त्या साहेबासमोर इचारतील.

सटवाजी, गाडी कवा काढतोस तुझी? आमाला चारठाण्याच्या फाट्याला सोड. बाप न्हाई ऱ्हायला, पण पारावर त्याच्या जोडीची म्हातारी हायेत अजून. त्यांच्यासमोर तू सांगायचं, कानानं ऐकलं ते. मालन, माझा पांढरा सदरा काढ. आन् आईनं जाताना दिलेली, आपल्या देवळीतली ती खापरी घे संगं. बापाला जिथं ठेवलाय तिथं ठेवू.

अजून उभेच का, तात्याराव? पळी ठेवा खाली. दार समोर हाय. आंधळा मी हाय, तुमी न्हाई.